बॉर्डरवर बसून राहू नका!

सुरत स्थानक मागे टाकून बडोद्याकडे निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते, उत्राण घेते आणि थोड्याच वेळात कोसाडला येते. एके काळचे हे खेडे आज सुरत महानगराचे उत्तरेकडचे अंग होऊन बसले आहे. शहरातील झोपडपट्ट्यांतून उठविलेल्या कुटुंबांसाठी महापालिकेने येथे इमारतींच्या रांगाच रांगा उभ्या केल्या. ‘कोसाड आवास’ ह्या नावाने ती वसाहत ओळखली जाते. तेथे गुजराती कानी पडते, हिंदी पडते, ओडिया पडते. आणि पोटापाठी खानदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांची मराठी आणि अहिराणीही कानी पडते. भुसावळपासून सुरतेपर्यंत तापी ज्या दिशेने वाहते, त्याच दिशेने ही माणसेही वाहत आली. नदी समुद्राला मिळाली. माणसे यंत्रमागाला जुंपली गेली!

गेल्या पंधरवड्यात एका स्नेह्यांबरोबर त्या वसाहतीत जाण्याचा योग आम्हास आला. एका घरी चहा झाला. घरातील कर्ता मुलगा पस्तिशीचा, यंत्रमागावर काम करणारा. कोपऱ्यात खाटेवर त्याची आई बसली होती. मधुमेहाने त्या माउलीच्या उजव्या पायाचा अंगठा नेला होता. बोलता बोलता मुलाने खिशातून चारदा घडी घातलेला एक कागद काढला. कुठल्याशा शिबिरात त्याने रक्त तपासून घेतले होते. उपाशीपोटीची साखर ११८. ‘आजून काही झायं नही भाऊ, बॉर्डरवर शे!’ असे तो हसत हसत म्हणाला आणि पाकासारखा गोड चहा त्याने बशीत ओतला. आईने एकवार त्याच्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

आम्हीही हसलो, पण ते हसू ओठांवरच विरले. कारण तसलाच एक कागद आमच्या स्वतःच्या टेबलाच्या खणात दोन वर्षे पडून आहे. त्यावर ११२ हा आकडा आहे. ‘जरा बॉर्डरवर आहे, एवढे काय!’ असे त्या वेळी आम्हास सांगण्यात आले; आणि रात्रीच्या जागरणांत, मुद्रिते तपासताना ढोसलेल्या चहाच्या पेल्यांत आम्ही तो आकडा सुखाने बुडवून टाकला. जगाला जागे करण्याचा मक्ता घेतलेले आम्ही संपादक, आमच्याच खणातल्या कागदाविषयी गाढ झोपी गेलो होतो! तेव्हा आज आम्ही जे लिहीत आहोत ते दुसऱ्याला शहाणपण शिकविण्यासाठी लिहीत नसून, कोसाडच्या त्या तरुणाला आणि स्वतःला एकाच बाकावर बसवून लिहीत आहोत.

‘बॉर्डर’ ह्या शब्दाने आपला केवढा घात केला आहे! बॉर्डर म्हटली म्हणजे अलीकडे आपण आणि पलीकडे संकट, मध्ये भक्कम कुंपण, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. शरीरात असे कुंपण कोठेही नाही. शास्त्रज्ञांनी आकड्यांच्या काही रेघा ओढल्या आहेत, त्या व्यवहाराच्या सोयीसाठी. उपाशीपोटी रक्तातील साखर दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली असली की ठीक. १२६ किंवा त्याहून अधिक असली की मधुमेह. आणि १०० ते १२५ ही मधली अवस्था. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासल्यास १४० ते १९९ ही तीच मधली अवस्था. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी ‘एचबीएवनसी’ चाचणी, तिच्यात ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे हीच अवस्था. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची रेघ १०० ऐवजी ११० वर ओढते, ह्यावरूनच रेघ ही माणसाने ओढलेली आहे हे उघड होते.) तिला इंग्रजीत प्रीडायबेटिस म्हणतात, आपण मधुमेहपूर्व अवस्था म्हणू. नाव काहीही द्या. ही उभे राहण्याची जागा नव्हे, हा उतार आहे. त्याच्यावर माणूस स्वस्थ बसला तरी खालीच घसरत असतो.

हा उतार कसा तयार होतो हे समजून घेतले पाहिजे. आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होते आणि ती रक्तात उतरते. स्वादुपिंडातून पाझरणारे इन्सुलिन हे त्या साखरेला स्नायूंच्या आणि इतर पेशींच्या घरात शिरण्यासाठी दार उघडून देते. पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठू लागली, स्नायू बसून राहू लागले, म्हणजे ही दारे गंजतात. एका हाकेला उघडणाऱ्या दाराला दहा हाका माराव्या लागतात. स्वादुपिंड बिचारे ओव्हरटाइम करते, अधिक इन्सुलिन ओतते, आणि कित्येक वर्षे रक्तातली साखर ताळ्यावर ठेवते. माणसाला वाटते, आपण ठणठणीत! पण राबून राबून स्वादुपिंडातील पेशी थकतात, आणि ज्या दिवशी ते दमले त्या दिवसापासून साखर हळूहळू वर चढू लागते. मधुमेहपूर्व अवस्था म्हणजे स्वादुपिंडाच्या दमछाकीची पहिली कबुली होय. ती मिळेपर्यंत आत बरेच काही घडून गेलेले असते. हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोकादेखील मधुमेहाची वाट न पाहता ह्याच अवस्थेत वाढू लागतो.

आणि ही कबुली किती मूक असते! तहान नाही, ताप नाही, वेदना नाही. फार तर कोणाच्या मानेवर, काखेत मखमलीसारखी काळसर त्वचा दिसते, आणि ती मळ समजून घरची मंडळी घासत बसतात! आपल्या प्राचीन वैद्यांनी रोग येण्याआधीच्या त्याच्या पावलांना ‘पूर्वरूप’ असा सुंदर शब्द दिला होता. चरकाने लठ्ठ आणि कृश असे प्रमेहाचे दोन निरनिराळे रोगी ओळखले होते. आणि निर्धन रोग्याने शंभर योजने पायी चालावे, नाहीतर विहीर खणावी, असा उपचार सुश्रुताने सांगितला होता. तो शब्दशः पाळा असे कोण म्हणेल? परंतु गरिबालाही हा रोग होतो आणि चालणे हे त्याचे औषध आहे, ह्या दोन गोष्टी ह्या भूमीला नव्याने शिकवाव्या लागाव्यात, हे आश्चर्य नव्हे काय?

होय, गरिबालाही! कारण ‘साखर हा शेठजींचा रोग’ ही समजूत कोसाडपासून कोल्हापूरपर्यंत अजून घट्ट रुतून बसली आहे. तिला आता आकड्यांनीच उत्तर दिले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ ह्या पाहणीत २००८ ते २०२० ह्या काळात देशातील १,१३,०४३ प्रौढ स्त्रीपुरुष तपासले गेले. २०२३ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि मधुमेहपूर्व अवस्थेत असलेले सुमारे १३ कोटी ६० लाख! म्हणजे रोग्यांपेक्षा उतारावर असलेल्यांचीच संख्या मोठी. ह्यातील आणखी एक आकडा आमच्या मनातून जाता जात नाही. मधुमेहाचे प्रमाण शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के, पण मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण शहरात १५.४ आणि खेड्यात १५.२ टक्के! उतारावर खेडे आणि शहर खांद्याला खांदा लावून उभे आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ह्याच पाहणीच्या २०११ मधील पहिल्या अहवालात मधुमेही ८.४ टक्के आणि मधुमेहपूर्व १२.८ टक्के निघाले होते. आजाराची पुढची लाट कोठून येणार, हे ह्याहून स्पष्ट कोणी सांगावयाचे राहिले आहे?

खेडे सोडून कारखान्यात आलेल्या माणसाचे काय होते, ह्याचाही शोध घेतला गेला आहे. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर येथील कारखान्यांत काम करणारे स्थलांतरित कामगार आणि गावी राहिलेली त्यांचीच सख्खी भावंडे ह्यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गावच्या पुरुषांत मधुमेह ६.२ टक्के, गाव सोडून आलेल्यांत १४.३ टक्के, आणि मूळच्या शहरवासीयांत १३.५ टक्के. एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेली मुले. एक ताप्ती लाईनच्या गाडीत बसावा आणि दुसरा शेतावर राहावा, एवढ्याच फरकाने रोगाचे पारडे दुपटीहून अधिक झुकावे! सुरतेची पाहणी त्या अभ्यासात नव्हती. परंतु नंदुरबार, धुळे, जळगाव सोडून सुरतेस आलेल्या आमच्या बांधवांनी त्या आकड्यांत स्वतःचा चेहरा ओळखला, तर त्यात चूक ती काय?

‘पण आम्ही काही लठ्ठ नाही’, असे कोसाडचा तो तरुण म्हणाला होता. ह्या प्रश्नाचे उत्तर पुण्याने जगाला दिले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची अपत्ये ह्यांचा पिढ्यांवर चालणारा अभ्यास हाती घेतला. त्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आमची बाळे हाडापेराने, मांसाने लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ राखून ठेवलेली! ‘कृश पण मेदयुक्त’ असे हे भारतीय बालक वैद्यकशास्त्राला पुण्याने २००३ मध्ये दाखवून दिले. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र युडकिन ह्या दोघांचे छायाचित्र छापून आले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर जे दिसत नाही ते आतड्यांभोवती दडून बसलेले असते. आईच्या पोटात अपुरे पोषण आणि मोठेपणी शहरात तेल, मैदा आणि साखरेची रेलचेल, ह्या दोहोंच्या चिमट्यात आमची पिढी सापडली आहे. म्हणून वजनकाट्याचे ऐकू नका; शिंप्याच्या टेपचे ऐका. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, ही आपल्या लोकांची मर्यादा होय.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक साधा हिशेब मांडला. रक्ताचा थेंबही न काढता तो घरच्या घरी करता येतो. वय ३५ ते ४९ असल्यास २० गुण, ५० किंवा त्यापुढे ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ (स्त्रीची ८० ते ८९) असल्यास १०, त्याहून अधिक असल्यास २०. बैठे काम आणि व्यायाम शून्य, तर ३० गुण. व्यायाम किंवा अंगमेहनतीचे काम ह्यांपैकी एकच असेल तर २०. दोन्ही असतील तर काही नाही. आईबापांपैकी एकास मधुमेह असल्यास १०, दोघांना असल्यास २०. बेरीज ६० किंवा अधिक झाली की धोका मोठा, तपासणी तातडीची. आम्ही आमची बेरीज केली. वय चाळीशीचे, म्हणून २०. कंबर ९६, म्हणून १०. खुर्चीला खिळलेले आयुष्य, म्हणून ३०. आई मधुमेही, म्हणून १०. एकूण ७०! परीक्षेत इतके गुण आम्हास क्वचितच मिळाले होते. आणि मिळाले तेव्हा त्यांनी असे घाबरविले नव्हते.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. हा उतार आहे खरा. पण त्यावरून परत चढून येता येते! ही पोकळ आशा नव्हे. तीन देशांनी ती तपासून पाहिली आहे. चीनमधील दाचिंग येथे १९८६ मध्ये ५७७ माणसांना निवडून सहा वर्षे आहार आणि व्यायाम ह्यांचे वळण लावण्याचा प्रयोग झाला. तीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा असे आढळले की, त्यांचा मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षे लांबला, हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले आणि आयुष्यही वाढले. अमेरिकेत ३,२३४ जणांवर असाच प्रयोग झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, राहणी बदलल्याने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन ह्या गोळीने ३१ टक्क्यांनी. आणि त्याच माणसांचा पाठपुरावा करता २०१२ मध्ये असे दिसले की, ज्यांची साखर प्रयोगाच्या काळात एकदा जरी ताळ्यावर आली, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका ५६ टक्क्यांनी कमी राहिला. एकदा जरी!

परंतु आम्हास सर्वात जवळचा वाटतो तो चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन ह्यांचा प्रयोग. २००६ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांनी ५३१ नोकरदार माणसे घेतली. सगळी मधुमेहपूर्व अवस्थेतली. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिले, त्यांच्यापैकी शंभरात ५५ जण तीन वर्षांत मधुमेही झाले. पंचावन्न! अमेरिकेत ही घसरण वर्षाला शंभरात अकरा होती, आपल्याकडे अठराच्या घरात निघाली. आमचा उतार त्यांच्या उतारापेक्षा अधिक तीव्र आहे. ज्यांनी रोज अर्धा तास झपाझप चालणे आणि साखर, मैदा, तेल आवरणे हे दोनच नियम पाळले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आले. आणि नवल असे की त्यांचे वजन फारसे उतरलेलेही नव्हते! गोळीनेही जवळपास तेवढेच साधले, आणि दोन्ही एकत्र केल्याने अधिक काही पदरात पडले नाही. म्हणजे रोजचे चालणे आणि ताटावरचा ताबा ह्यांनी गोळीइतके काम केले. तरीही शंभरातल्या एकूणचाळीस जणांस मधुमेह झालाच, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. राहणी बदलूनही ज्याला रोग गाठतो तो गुन्हेगार नव्हे. त्याला दोष देणाऱ्यांनी आईच्या पोटातला उपास, वारसा आणि बारा तासांची पाळी ह्यांचा हिशेब आधी मांडावा.

मग खावे काय? ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी म्हण ज्या शहराने मिरवली, तेथे हा प्रश्न विचारणे म्हणजे धाडसच! घारी सोडा असे म्हटले तर सुरतकर रागावतील. पण चांदी पाडव्याची घारी वर्षातून एकदा येते. रोज येतो तो पाच-सहा पेले गोड चहा, मैद्याची खारी, पाव आणि ताटभर भात. वैऱ्याला ओळखायचे तर त्याला रोजच्या ताटात शोधा, सणाच्या ताटात नव्हे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’च्या आहारविषयक अभ्यासात असे आढळले की, भारतीय माणसाच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिठूळ आणि गोड पदार्थांतून येते. त्याच अभ्यासाचा एक इशारा आम्ही भाकरीप्रेमींनी विशेष ध्यानात ठेवला पाहिजे: भाताच्या जागी तेवढीच चपाती किंवा तेवढीच भाकरी घातल्याने एकटे काही साधत नाही, एकूण पीठच कमी करून त्याच्या जागी डाळ, कडधान्ये, दूध-दही वाढवावे लागते. खानदेशाने ज्वारीत उडीद मिसळून कळण्याची भाकरी केली, तिच्यात हे शहाणपण होतेच. चार भाकरींच्या दोन कराव्यात, आणि त्यांच्याबरोबर मटकीची उसळ, भरीत, पालेभाजी पोटभर खावी, ह्यात मराठी माणसाचे काय बिघडणार आहे? कारल्याच्या रसाच्या बाटल्या आणि ‘सात दिवसांत साखर गायब’ करणारी चूर्णे ह्यांच्यावर पैसे उधळण्याऐवजी तेच पैसे डाळीवर खर्चावेत.

परंतु कष्टकऱ्याला नुसता उपदेश करून मोकळे होणे हे आमच्या लेखणीस शोभणार नाही. जो बारा बारा तास यंत्रमागाच्या खडखडाटात उभा असतो, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी करतो, त्याला ‘सकाळी उद्यानात फिरा’ असे सांगणे ही थट्टा होय. झोपेची अशी ओढाताण आणि रातपाळी ह्यांचा मधुमेहाशी संबंध आहे, हे शास्त्राला ठाऊक झालेले आहे. त्याच्या घरातली बाई खोलीत बसून साड्यांवर खडे चिकटवते, धागे कापते; तिचे बैठे काम कोणाच्या हिशेबातही नसते. ह्या बाईस गरोदरपणी साखर वाढलेली असेल, तर पुढे तिला मधुमेह होण्याचा धोका कितीतरी अधिक. पण बाळंतपण झाले की तिची साखर कोण तपासतो?

सुरतेला धोका ओळखता येत नाही असे नाही. १९९४ च्या सप्टेंबरात येथे प्लेग आला. लाखो माणसे हाती लागेल ती गाडी पकडून पळाली; साऱ्या जगाने सुरतेचे नाव ऐकून नाकाला रुमाल लावला. त्या साथीचे बळी शंभराच्या आतच राहिले. पण त्या भीतीने शहर हलले. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव ह्यांनी झाडू आणि कायदा ह्या दोहोंच्या बळावर सुरतेचा उकिरडा साफ केला, आणि देशातील अग्रगण्य स्वच्छ शहरांत तिचे नाव गेले. मग प्लेगने जे सुरतेकडून करवून घेतले, ते साखरेने का करवून घेऊ नये? कारण एकच. प्लेगने आरडाओरडा केला. साखर बोलत नाही. ती वीस वर्षे गप्प बसते आणि मग एके दिवशी माउलीच्या पायाचा अंगठा मागते!

म्हणून आमच्या काही स्पष्ट मागण्या आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर तपासण्याचा कार्यक्रम सरकारने आखलेला आहे. आरोग्य केंद्रांत ही तपासणी फुकट होते. पण रोजंदारी बुडवून केंद्रात जाणे कामगारास परवडत नाही. तेव्हा तपासणीने कामगाराकडे यावे! कारखान्याच्या दारात, सकाळची पाळी सुरू होण्यापूर्वी, मालकाच्या खर्चाने टेबल मांडले जावे. ज्याच्या हातांवर कापड निघते, त्याच्या रक्ताची चाचणी वर्षातून एकदा करणे मालकास जड नाही. निकाल देताना ‘साखर आहे’ आणि ‘साखर नाही’ ह्या दोन खणांच्या मध्ये तिसरा खण असावा, आणि त्या खणात ज्याचे नाव पडेल त्यास ‘बॉर्डरवर’ असे म्हणून हसत परत न पाठविता, काय करावयाचे ते त्याच्या भाषेत लिहून द्यावे आणि वर्षाने पुन्हा बोलवावे. जी महापालिका मराठी शाळा चालवू शकते, तिला मराठीत एक पानभर मजकूर छापणे अवघड नाही.

डॉक्टरांसही एक विनंती. खानदेश आणि दक्षिण गुजरात ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, आणि स्त्रियांत रक्तक्षय घरोघरी आहे. अशा रक्तात ‘एचबीएवनसी’चा आकडा फसवा निघू शकतो. तेथे एका कागदावर विसंबून न राहता उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची साखर पाहावी. ज्यांस गोळी आवश्यक आहे त्यांस ती द्यावी. पण चालण्याची आणि जेवणाची चिठ्ठीही औषधाच्या चिठ्ठीइतक्याच गंभीरपणे लिहावी. आणि गावोगावच्या मराठी मंडळांनो, गणेशोत्सवात तुम्ही मांडव घालता, तेथे दहा दिवसांतून एक सकाळ टेप आणि तपासणीस द्या. आरतीला जमणाऱ्या हातांनी एकमेकांच्या कमरा मोजल्या, तर गणपती रागावणार नाही. त्याला स्वतःच्या पोटाची पूर्ण कल्पना आहे!

हा अग्रलेख लिहिण्यापूर्वी आम्ही तो खणातला कागद बाहेर काढला. आज सकाळी पुन्हा रक्त देऊन आलो. आकडा उद्या कळेल. तो काय निघतो ह्याची भीती आम्हास नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण कार्यालयातून घरी परतताना आजपासून आम्ही रिक्षा करणार नाही. कोसाडच्या त्या तरुणासही आम्ही हाच अंक धाडीत आहोत. मित्रा, तुझा कागद घडी घालून पुन्हा खिशात ठेवू नकोस. तो आईच्या हाती दे. ११८ हा आकडा म्हणजे ‘अजून काही झाले नाही’ ह्याचा दाखला नव्हे. अजून परतीची वाट मोकळी आहे, असे सांगणारी ती हाक आहे. ती वाट रोज अर्ध्या तासाची आहे, आणि तिच्यावर चालावयास पैसे पडत नाहीत. पाळी संपली की अमरोलीच्या रस्त्याने कोसाडपर्यंत पायी चल. आम्हीही येथे चालू लागलो आहोत!